सिंकखालचं पाणी

‘द ग्रेट इंडियन किचन’ मी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आमच्या घराला मागची भिंत नव्हती. भिंतीच्या जागी निळी ताडपत्री होती आणि स्वयंपाकघर हॉलमध्ये आलं होतं. टीव्हीशेजारी टेबलावर दोन बर्नरची शेगडी, शोकेसमध्ये मसाल्याचा डबा, भांडी बाथरूममध्ये पाटावर बसून घासायची. मिरजेतलं आमचं घर जुनं, स्वयंपाकघर आठ बाय नऊचं. मागच्या परसात चौदा बाय अकराची खोली वाढवायची, त्यात नवीन स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा करायची, असं ठरलं होतं. अडीच महिन्यांचं म्हणून सुरू झालेलं काम पाच महिने चाललं. माझं वर्क फ्रॉम होम होतं, म्हणजे मी घरात होते. मिटिंगमध्ये टाइल कटर सुरू झाला की मी म्यूट व्हायचे. पोह्यांत सिमेंटची धूळ असायचीच, पुढेपुढे चवही कळेनाशी झाली.

अशा एका रात्री आईबरोबर तो सिनेमा लावला. २०२१चा मल्याळम सिनेमा, दिग्दर्शक जिओ बेबी. अजून पाहिला नसेल तर पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे, आधीच सांगते. नवी नवरी सासरी येते. पात्रांना नावं नाहीत. ती चिरते, वाटते, रांधते, वाढते, उष्टं काढते, भांडी घासते, झाडते, पुसते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरायला घेते. सिंकखालचा पाइप गळत असतो. ती नवऱ्याला सांगते, प्लंबर बोलवा. तो हो म्हणतो आणि विसरतो. पुन्हा सांगते, पुन्हा विसरतो. ते घाण पाणी ती हाताने उपसत राहते.

आई भेंडी चिरता चिरता म्हणाली, “पण प्लंबरला ती स्वतःच का नाही बोलवत?”

मला राग आला. इतका स्पष्ट सिनेमा आणि हिला हा प्रश्न पडावा! हा सिनेमा आला तेव्हा त्यावर खूप लिहिलं गेलं: पितृसत्ता, पाळीची शिवाशिव, शबरीमला, लग्नातली जबरदस्ती. सगळं त्यात आहेच. पण पुढच्या काही आठवड्यांत मला पटत गेलं, की आईचा प्रश्न भोळा नव्हता. सिनेमाच्या बरोबर मध्यावर बोट ठेवणारा तो प्रश्न होता आणि त्याचं उत्तर आमच्याच परसात तयार होत होतं.

झालं असं, की ओट्याच्या कडप्प्याखालचं बांधकाम सुरू व्हायचं होतं. मिस्त्री आत आले. आई समोर उभी, मी दारात, बाबा बाहेर वाळूवाल्याशी बोलत होते. मिस्त्री आम्हा दोघींच्या मधून बाहेर बघत म्हणाले, “साहेब, ओटा किती उंचीला घ्यायचा?” बाबांनी वळूनही न बघता सांगितलं, “तीन फूट. असतोच की.”

असतोच. जुना ओटाही तीन फुटीच होता. आई चार फूट अकरा इंच आहे. तीस वर्षं ती त्या ओट्यापाशी एका लाकडी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत आली. लहानपणापासून तो पाट मला ओट्याचाच भाग वाटायचा, कुणाच्या तरी चुकीवर ठेवलेली ती ठिगळपट्टी आहे हे कधी डोक्यात आलं नाही. त्याच पाटांच्या जोडीतला दुसरा पाट सणाला बाबांच्या बुडाखाली असायचा.

त्या रात्री मी आईच्या कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावली. सदतीस इंच. हात मोकळे राहायला ओटा कोपराच्या चारपाच इंच खाली हवा, हा साधा ठोकताळा. म्हणजे बत्तीस इंच, दोन फूट आठ. सकाळी आईने मिस्त्रींना तसं सांगितलं. ते म्हणाले, “वहिनी, साहेबांना विचारून सांगतो.”

तर सिनेमातली ती प्लंबरला स्वतः का बोलवत नाही, त्याचं हे उत्तर. बोलवता येईलही. पण आलेला माणूस विचारणार, साहेब कुठे आहेत?

हे लक्षात आल्यावर सिनेमा माझ्यासाठी बदलला. मला आता तो एका घराच्या नकाशाचा सिनेमा वाटतो. आत चूल, मागे परस, पुढे जेवणाचं टेबल, आणखी पुढे ओसरीत पेपर वाचणारा सासरा. कॅमेरा या पट्ट्यात ये-जा करत राहतो आणि ही ये-जा कुणाच्या पायांनी होते हे आपल्याला मोजायला लावतो. पार्श्वसंगीत जवळपास नाही. विळीचा, फोडणीचा, भांड्यांचा आवाज, तेवढंच. सुरुवातीला ती चिराचिरी आणि तळणी फूड रीलसारखी देखणी दिसते, आपल्याला भूकसुद्धा लागते. मग तेच शॉट पुन्हा येतात, पुन्हा येतात, आणि शेवग्याच्या शेंगांचा चावलेला चोथा टेबलावर पडलेला दिसतो तेव्हा घशाशी येतं. दिग्दर्शकाने वेगळं काही दाखवलं नाही, फक्त संख्या वाढवली. घरकामाबद्दल याहून अचूक दुसरं तंत्र मला सुचत नाही.

तरी एका गोष्टीवरून माझं या सिनेमाशी भांडण आहे. त्याकडे शेवटी येते.

मधल्या काळात मी, अर्थातच, इंटरनेटवर स्वयंपाकघरं बघत बसले होते. त्यातून फ्रँकफर्ट किचनपर्यंत पोचले. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची प्रचंड टंचाई होती. फ्रँकफर्ट शहराने एर्न्स्ट माय या वास्तुरचनाकाराच्या हाताखाली हजारो स्वस्त घरं बांधायला घेतली. त्यांच्यासाठी १९२६मध्ये मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या तरुण आर्किटेक्टने एक स्वयंपाकघर आखलं. साधारण एक मीटर नव्वद बाय तीन मीटर चाळीस. प्रेरणा रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातल्या चिंचोळ्या मुदपाकखान्याची. कारखान्यात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजत, तशा तिने बाईच्या हालचाली मोजल्या. पीठ, तांदूळ, साखर ओतायला चोचीचे अॅल्युमिनियमचे डबे, बसून काम करायला फिरतं स्टूल, भिंतीतून खाली येणारी इस्त्रीची फळी. दहा हजारांच्या आसपास अशी स्वयंपाकघरं बसली. आजची आपली ट्रॉल्यांची मॉड्युलर किचन याच घराण्यातली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही एक ठेवलं आहे.

श्युट्टे-लिहोत्स्की काही साधी बाई नव्हती. कम्युनिस्ट होती, नाझींविरुद्धच्या भूमिगत कामासाठी १९४१मध्ये पकडली गेली, १९४५पर्यंत कैदेत होती, आणि एकशे दोन वर्षांची होऊन २०००मध्ये वारली. उतारवयात तिने मोकळेपणाने सांगून टाकलं होतं, की हे स्वयंपाकघर आखण्याआधी तिने कधी स्वयंपाक केला नव्हता. हे वाचून मला हसू आलं आणि मग बाबांचं ‘असतोच की’ आठवलं. पण दोघांत फरक मोठा आहे. तिला अनुभव नव्हता म्हणून तिने मोजलं. बाबांनाही नव्हता, त्यांनी ठोकून दिलं.

बाईचा वेळ वाचावा हा तिचा हेतू प्रामाणिक होता. घोटाळा त्या एक मीटर नव्वदमध्ये आहे. दोन्ही बाजूंना सामान लावल्यावर मधे एकच माणूस मावतो. भाजी चिरायला दुसरं कुणी आलं तर पहिलीला बाहेर यावं लागेल. पुढे स्त्रीवाद्यांनी यावर नेमकी टीका केली: काम कमी झालं, पण ते एकटीचं होऊन बसलं. एका माणसासाठी चोख आखलेली जागा दुसऱ्या माणसाला हळूच सांगते, तुझं इथे काम नाही. आमच्या आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात ओटा आणि समोरच्या कपाटांमध्ये अडीच फूट होते. मी चार मागितले. तो म्हणाला, “मॅडम, एवढी पॅसेज वाया जाईल.”

आता धुण्याकडे येते, कारण धुणं सगळेच विसरतात. स्वयंपाकाला निदान सिनेमे तरी आहेत.

त्या सिनेमात सासरा अगदी गोड आवाजात सांगतो, भात कुकरमध्ये नको, चुलीवर कर. आणि माझे कपडे मशीनमध्ये टाकू नकोस, खराब होतात. घरात मशीन आहे, बंदी आहे ती मशीनने बाईचा वेळ वाचण्यावर. हान्स रोझलिंगचं २०१०चं वॉशिंग मशीनवरचं टेड भाषण तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. आजी खुर्ची टाकून मशीनसमोर बसते आणि सगळं धुणं होईपर्यंत बघत राहते, मशीनमध्ये कपडे घातले की बाहेर पुस्तकं निघतात. भाषण गोड आहे, मला ते आवडतंही. पण रुथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार बाईंनी १९८३मध्येच ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात ही गोष्ट किरकिरी करून ठेवली होती. यंत्रं आली तशा स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, पूर्वी घरातली इतर माणसं किंवा गडी करायचे ती कामंही आईच्या एकटीच्या अंगावर आली. आमच्या घरात मशीन आलं आणि बाबांचा शर्ट दोन दिवसांऐवजी रोज धुण्यात पडू लागला. मशीन धुतं. कॉलर घासणं, रंगीत-पांढरं वेगळं करणं, बादली गच्चीवर नेणं, वाळत घालणं, पाऊस आला की धावणं, घड्या, हे त्याच्या मॅन्युअलमध्ये नाही. २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा वेळ रोजी सरासरी २९९ मिनिटं निघाला. पुरुषांचा ९७. आणि मुळात असं काम करणारे पुरुष चारांत एकच.

आमच्या नकाशात धुण्याची जागा ‘युटिलिटी’ या नावाने स्वयंपाकघराच्या मागे होती, चार बाय सहा. तिला दार एकच, स्वयंपाकघरातून. पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी आठवा, हाच प्रकार. याचा अर्थ काय होतो? मशीनने शिट्टी वाजवली की ती ऐकणार फक्त ओट्यापाशी उभी असलेली व्यक्ती. कुणी ठरवून केलेलं नसतं. तिथे नळ असतो, चेंबर जवळ पडतं, पाइप कमी लागतो. पण कमी पाइपच्या हिशेबात एक माणूस धरलेला असतो, आणि तो कोण हे नकाशावर लिहावं लागत नाही. मी म्हटलं, युटिलिटीला दार पॅसेजमधून द्या, बाबांच्या खोलीसमोरून. त्याने फ्रिजची भिंत गेली, फ्रिज सिंकपासून लांब गेला, खर्चही वाढला.

सगळ्यात जास्त विरोध केला आईने. मला वाटलं होतं ती खूश होईल. मी भिंत पाडून ओपन किचनही सुचवलं होतं, तेव्हा तर ती भडकलीच. “मला दार पाहिजे. तुम्हाला ऑफिसात केबिन असतात. मी आत असले की मला कुणी विचारत नाही, तेवढंच.” चार फुटांबद्दल म्हणाली, “म्हणजे सगळे येऊन लुडबुड करणार आणि पसारा मी आवरणार.”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फ्रँकफर्टवरच्या टीकेतही मला ते सापडलं नाही. तिला त्या आठ बाय नऊमध्ये कोंडलं होतं हे खरं, आणि घरात तिच्या एकटीची म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती हेही खरं. आम्ही तडजोड केली. दार राहिलं, चार फूटही राहिले, युटिलिटीला पॅसेजमधून दार निघालं. ओटा दोन फूट आठ इंच. मिस्त्रींनी ‘साहेबांना विचारलं’, साहेब म्हणाले, “ती म्हणते तसं करा, डोकं खाऊ नका.” परवानगी शेवटी तिकडूनच आली, हे मी लपवत नाही.

म्हणून सिनेमाशी असलेलं माझं भांडण. शेवटी ती ते सिंकखालचं घाण पाणी नवऱ्यावर आणि सासऱ्यावर फेकते आणि घर सोडते. थिएटरमध्ये असते तर मी शिट्टी मारली असती. नंतर ती नृत्य शिकवताना दिसते, स्वतः गाडी चालवते. तिकडे नवऱ्याची दुसरी बायको त्याच ओट्यापाशी उभी. हा शेवट कडू आणि बरोबर आहे. पण पूर्ण सिनेमात त्या घरातली एक वीटही हलत नाही. पाइपचा साधा वायसर बदलला जात नाही. घर जसं आहे तसंच राहणार, बाईने राहावं किंवा जावं, एवढ्या दोनच वाटा सिनेमाला दिसतात. ‘मिसेस’ या हिंदी रूपांतरात घर दिल्लीकडच्या डॉक्टरांचं, स्वयंपाकघर चकचकीत, तरी तिथेही चटणी मिक्सरमध्ये नको, पाट्यावरच हवी. वाटा त्याच दोन. आमच्या आया बहुतेक जात नाहीत. त्या पाट ओढून घेतात आणि त्यावर उभ्या राहतात. त्या पाटाचा सिनेमा अजून कुणी काढलेला नाही, आणि त्यात पाणी फेकण्याचा सीन नसल्यामुळे तो काढायला अवघडही असणार.

फेब्रुवारीत आम्ही आत राहायला गेलो. बाबा आता पॅसेजमधून जाता-येता मशीनची शिट्टी ऐकतात आणि ओरडतात, “अगं, झालं बघ मशीन!” कधीकधी, विशेषतः मी बघत असेन तर, कपडे काढून बादलीत ठेवतात. वाळत घालत नाहीत.

जुना पाट आईने टाकला नाही, युटिलिटीत बादलीखाली ठेवलाय. कारण तिथे ढाळ चुकला आहे. पाणी नहाणी ट्रॅपकडे जायचं सोडून उलट्या कोपऱ्यात साचतं. पहिले चार दिवस ती ते फरशी-पुसणीने ओढत होती. पाचव्या दिवशी मी मिटिंगमध्ये असताना तिचा आवाज ऐकू आला. ती फोनवर होती.

“साहेब बाहेर गेलेत,” ती म्हणत होती. “नाही, त्यांना नका करू फोन. पाणी मी काढतेय, तर मी सांगते ते ऐका.”

मिस्त्री तिसऱ्या दिवशी आले. फरशी उकरायला लागली.