नैसर्गिक हक्कांचें मूळ : एक परीक्षण

मनुष्यमात्रास जन्मतःच कांहीं हक्क असतात, ही कल्पना प्रथम कोणाच्या लेखणींतून उतरली हा प्रश्न वरकरणीं तत्त्वज्ञांचा वाटतो. वस्तुतः तो पोथ्या वाचणाऱ्यांचा आहे. म्हणूनच ब्रायन टियर्नी यांचा ‘दि आयडिया ऑफ नॅचरल राइट्स’ (१९९७) हा ग्रंथ आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावा.

त्यापूर्वीं फ्रेंच पंडित मिशेल व्हिले यांचें मत प्रबळ होतें. रोमन कायद्यांतील ‘यूस’ म्हणजे ‘जें न्याय्य तें’. त्यास ‘व्यक्तीचें सामर्थ्य’ हा अर्थ चौदाव्या शतकांत ओकमच्या विल्यमनें फ्रान्सिस्कनांच्या दारिद्र्यव्रताच्या वादांत दिला, असें ते म्हणत. टियर्नींनीं हें मत टीकाग्रंथांच्या आधारें खोडून काढिलें. ग्रेशियन यानें ११४० च्या सुमारास ‘डिक्रेटम’ हा चर्चच्या नियमांचा संग्रह केला. त्यावरील टीकाकार रुफिनस यानें ११६० च्या सुमारासच ‘यूस नातुराले’ म्हणजे मनुष्याच्या ठायीं निसर्गानें घातलेली एक शक्ति, असें म्हटलें आहे. पुढें हुगुच्चोही तसेंच लिहितो.

येथें मात्र आमचा एक आक्षेप आहे. शक्ति म्हणजे हक्क नव्हे. मीमांसेंतील ‘अधिकार’ म्हणजे कर्म करण्याची व त्याचें फळ भोगण्याची पात्रता. त्याचें भाषांतर कोणी सर्वत्र ‘हक्क’ असें केल्यास तें आम्हांस मान्य होणार नाहीं. तोच न्याय लॅटिनलाही लावावयास हवा. ग्रंथकारांस या भेदाची जाणीव आहे. तथापि त्यांचें खरें बळ या व्याख्यांत नसून उपाशी मनुष्याच्या दृष्टांतांत आहे. प्राण वांचविण्यापुरतें दुसऱ्याचें अन्न घेणारा चोर नव्हे, असें हे टीकाकार सांगतात. इतकेंच नव्हे, तर अशा दरिद्र्यास धर्माधिकाऱ्याकडे दाद मागतां येईल असेंही कांहीं जण म्हणतात. जेथें दाद मागतां येते तेथेंच हक्काचा आरंभ होतो.

लॅरी सीडेन्टॉप यांनीं ‘इन्व्हेंटिंग दि इंडिव्हिज्युअल’ (२०१४) या ग्रंथांत हेंच सूत्र सेंट पॉलपर्यंत मागें नेलें आहे. त्यांची मांडणी रसाळ आहे, परंतु पुरावा विरळ. निसर्गनियमानें सर्व मनुष्यें स्वतंत्रच जन्मलीं, हें उल्पियन या रोमन विधिज्ञाचें वचन जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ (५३३) मध्यें आहेच. तें ख्रिस्ती धर्मशास्त्राचें अपत्य नव्हे.

शिवाय, आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून देवानेंही आदामास शिक्षा केली नाहीं, असें सांगणाऱ्या याच धर्मकायद्याच्या परंपरेंतून इन्क्विझिशनही निघालें. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं चार वर्षें (१७७४-७८) वगळतां, तें चाललें. तेथें आरोपीस साक्षीदारांचीं नांवें कळूं देत नसत. मूळ सांपडलें म्हणजे फळाची ग्वाही मिळाली, असें होत नाहीं.

शेवटीं एक विनंती. हुगुच्चोची टीका दीर्घकाळ हस्तलिखितांतच पडून होती. ती कोणी जपली म्हणूनच हा वाद आज निर्णयाजवळ आला. मूळ ग्रंथ छापला गेला म्हणून त्यावरील टीकेची पोथी अडगळींत टाकणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.