सोवळें आणि परिचर्या

सेवेचा महिमा मराठी वाङ्मयानें पुष्कळ गाइला आहे. संतांनीं गाइला, सुधारकांनीं गाइला, आणि समारंभांतील वक्ते तर तो नित्यच गात असतात. परंतु सेवा हाच जिनें व्यवसाय म्हणून पत्करला, जिला त्यासाठीं महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो व रात्रपाळी संपतांना नोंदवहींत सही करावी लागते, त्या परिचारिकेविषयीं मराठींत काय लिहिलें गेलें आहे हें पाहूं गेल्यास हातीं फार थोडें लागतें. आमच्या कथाकादंबऱ्यांत ती येते ती बहुधा दोन रूपांत. एकांत ती मूर्तिमंत त्याग असते. दुसऱ्यांत नायकाच्या उशाशीं उभी असलेली एक सुंदर तरुणी असते. दोन्ही चित्रांत तिचा चेहरा रेखाटलेला असतो. तिचे हात मात्र कोणीं काढलेले नसतात. आणि परिचारिकेचें सारें चरित्र तर तिच्या हातांतच असतें!

ही उणीव केवळ वाङ्मयाची असती, तर तिच्याविषयीं एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु आमच्या मतें तिचें मूळ आमच्या घरांतल्या एका जुन्या समजुतींत आहे, आणि त्या समजुतीचा त्रास आजहि नव्यानें या व्यवसायांत शिरणाऱ्या मुलींना होत असतो.

आपल्या वैद्यकाचा जुना ग्रंथ याविषयीं काय म्हणतो तें प्रथम पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, नवव्या अध्यायांत, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुण दिले आहेत. त्यांत परिचराचे गुण म्हणून उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे येतात. हा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. रोग्याविषयींचा जिव्हाळा त्यांत तिसरा आहे. उपचाराचें ज्ञान आणि हातांतील कौशल्य हीं त्याच्या आधीं आलीं आहेत, आणि शुचिता त्याच्या पाठोपाठ. आम्हीं मात्र पुढें या चौकडींतून एक अनुराग तेवढा उचलला व त्याची पूजा मांडली. ज्ञान आणि दाक्ष्य यांचा आम्हांस विसर पडला. शौचाचें काय झालें, ती गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे.

शौच आम्हीं टाकलें नाहीं. त्याचें सोवळें केलें. सोवळें म्हणजे स्पर्श टाळण्यासाठीं पाळलेली शुचिता. जो जितका शुद्ध, तो तितका दूर. परिचर्येंतील शुचितेचा हेतु याच्या अगदीं उलट असतो. तेथें हात धुवावयाचे ते रोग्याला शिवण्याची पात्रता यावी म्हणून. इ. स. १८४७ मध्यें व्हिएन्ना येथें सेमेलवाइस या डॉक्टरानें, शवविच्छेदन करून बाळंतिणींकडे येणाऱ्या वैद्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुवावयास लाविलें, आणि बाळंतिणींचे मृत्यु झपाट्यानें कमी झाले. आमच्या घरींहि बाळंतिणीच्या खोलीशीं शुचितेचा प्रश्न पिढ्यानुपिढ्या निगडित होता. परंतु आम्हीं तिला सोयर म्हणून दहा दिवस दूर ठेविलें आणि तिला शिवण्याचें काम सुइणीवर सोंपवून त्या सुइणीलाहि हलकें ठरविलें. सोयर आणि सुतक या दोन्ही प्रसंगीं घरचे लोक ज्या देहापासून दूर सरतात, त्या देहाला परिचारिका सर्वांआधीं आणि सर्वांशेवटीं शिवते. तेव्हां तिच्या व्यवसायाला आमच्या मध्यम वर्गानें शंभर वर्षें नाक मुरडलें, यांत नवल तें काय?

शुचितेच्या या दोन अर्थांतील झगडा एकाच जन्मांत पाहावयाचा असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रे’ उघडावींत. १९३४ पासून भागाभागांनीं निघालेला हा ग्रंथ आत्मचरित्र म्हणून सर्वांस ठाऊक आहे. परिचर्येच्या दृष्टीनें तो क्वचितच कोणीं वाचला असेल. ग्रंथाचा आरंभच सोवळ्याच्या वेडानें होतो. सत्तावनच्या धामधुमींत सासऱ्याला फांशी झाली, त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर परिणाम झाला व त्यांना सोवळ्यानें पछाडलें. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावांचून त्यांना चालेना. त्या घरांत ही मुलगी वाढली. पुढें पति नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले, पांच वर्षांनीं तींहि झालीं. आणि नगरास प्लेग आला तेव्हां याच बाईनें प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा केली. ज्या घरीं वस्तूचा स्पर्शहि पाण्यावांचून होत नव्हता, त्या घरची मुलगी, जवळचे आप्तहि ज्यांच्यापासून पळत, त्यांच्या अंथरुणाशीं जाऊन बसली!

येथें एक गोष्ट टीकाकारानें सांगितली पाहिजे. या प्रवासाचें श्रेय धर्मांतराला देऊन मोकळें होणें सोपें आहे. परंतु ग्रंथ काळजीपूर्वक वाचणाराला दिसेल कीं, जातीचा विटाळ लक्ष्मीबाईंच्या मनांतून बाप्तिस्म्याच्या आधींच गेला होता. आधीं हात मोकळे झाले, मग नांव बदललें. दुसरें असें कीं, ज्या सुरांत त्या चुलीपुढचीं भांडणें सांगतात, त्याच सुरांत त्या दुखण्याबहाण्याच्या गोष्टी सांगतात. आवाज चढत नाहीं, डोळे मिटत नाहींत, स्वतःची थट्टा करण्याची संवय सुटत नाहीं. सेवेचें वर्णन करतांना आमच्या बहुतेक लेखकांच्या भाषेला जो एकाएकीं नैवेद्याचा वास येऊं लागतो, तो येथें नाहीं. म्हणूनच त्यांच्यावर आपला विश्वास बसतो.

तथापि लक्ष्मीबाई शिकून तयार झालेल्या, पगारी परिचारिका नव्हत्या. तसा वर्ग हिंदु समाजांत उभा करण्याचा मोठा प्रयत्न पुण्याच्या सेवासदनानें केला. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं ही संस्था उभी केली आणि पुढें तिच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयांत परिचर्या शिकूं लागल्या. परिचर्या म्हणजे मिशनऱ्यांचें काम, तेथें गेली ती बाटली, ही समजूत मोडावयाची होती. ही कथा रमाबाईंनीं लिहिली असती तर! पण ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं निघाल्या, आणि त्या न्यायमूर्तींच्या १९०१ मधील मृत्यूशीं संपतात. पतीच्या छायेंतील रमाबाई मराठीला मिळाल्या. ससूनच्या दारांतून मुलींना आंत नेणाऱ्या रमाबाई आत्मचरित्रांत उतरल्या नाहींत. पहिल्या दिवशीं त्या मुलींना काय वाटलें असेल, कोणीं संध्याकाळीं घरीं येऊन स्नान केलें असेल, कोणाच्या सासूनें वेगळें ताट मांडलें असेल, हें सारें त्या मुलींबरोबरच गेलें.

तें गेलें असलें, तरी तो प्रश्न गेलेला नाहीं. नगरच्या म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या सरहद्दीला लागून बीड जिल्हा आहे. लक्ष्मीबाईंच्या काळीं तो निजामाच्या राज्यांत होता; १९४८ मध्यें तो मोकळा झाला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. निजामीत जिला मोमिनाबाद म्हणत, त्या अंबाजोगाईस १९७४ सालीं खेड्यापाड्यांसाठीं म्हणून वैद्यकीय महाविद्यालय निघालें व त्यास स्वामी रामानंद तीर्थांचें नांव मिळालें. आज आष्टी, पाटोदा, केज, धारूर, माजलगांव अशा तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुली परिचर्येच्या शिक्षणाकडे वळतात. घरांतील पहिला नियमित पगार पुष्कळदां त्यांचाच असतो. पोटासाठीं घेतलेली ही वाट आहे, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

अशा मुलीचे पहिले महिने लेखकाच्या दृष्टीनें किती भरलेले आहेत! कोपरापासून खालीं हात मोकळा हवा, बांगडी नको, अंगठी नको, हा दवाखान्याचा नियम. आणि मोकळें मनगट म्हणजे काय, हें तिच्या गांवांत कोणाला सांगावें लागत नाहीं. नवें लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा उतरवून वॉर्डांत शिरते, तेव्हां ती आपल्या आईच्या साऱ्या शिकवणुकीच्या विरुद्ध एक पाऊल टाकीत असते. नवरात्रांत अनवाणी राहण्याचा नेम मराठवाड्यांत पुष्कळ घरीं आहे; पण जेथें सुया आणि रक्त सांडतें त्या फरशीवर अनवाणी कसें चालावें? उपवासाच्या दिवशीं रात्रपाळी आली तर नेम मोडावयाचा कीं पाळावयाचा? तिच्या शेजारच्या टेबलावरील मुलगी रोजे धरून तीच पाळी करीत असते. तिचाहि प्रश्न वेगळा नाहीं. घरीं महिन्याचे चार दिवस बाजूस बसण्याची चाल असेल, तर वॉर्डांत त्याच चार दिवसांत तिला बाळाची नाळ बांधावी लागते. आणि तेथें तिला एक दिवस उमगतें कीं, आपल्या हातून कांहींएक विटाळलें नाहीं. तें उमगण्यासाठीं तिला कोणाचें व्याख्यान ऐकावें लागत नाहीं. श्रद्धा तिची जात नाहीं. योगेश्वरीच्या दर्शनाला ती पूर्वीप्रमाणेंच जाते. पण देवी कशानें बाटते आणि कशानें बाटत नाहीं, याचा हिशेब तिच्या मनांत नव्यानें मांडला जातो. मराठी कादंबरीनें शोधावयाचा तो हा हिशेब आहे.

आम्हीं मात्र तिच्या हातीं दिवा दिला आहे. शिक्षणाच्या आरंभीं या मुली दीप घेऊन नाइटिंगेलबाईंच्या नांवाची शपथ घेतात. ती शपथ नाइटिंगेलबाईंनीं लिहिलेली नाहीं. १८९३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें ती तयार झाली. दिव्याची प्रतिमाहि रूढ केली ती लाँगफेलो कवीनें, १८५७ च्या आपल्या कवितेंत. क्रिमियाच्या युद्धाच्या काळीं रुग्णालयांत बाईंच्या हातीं असे तो घडीचा साधा तुर्की कंदील. त्यांचें खरें शस्त्र दुसरेंच होतें. सैनिक जखमांपेक्षां घाणीनें व साथींनीं अधिक मरतात, हें त्यांनीं आंकड्यांच्या आकृत्या काढून सरकारला पटविलें, आणि १८५९ मधील आपल्या पुस्तकांत परिचारिकेनें दिवसांतून वारंवार हात धुवावेत हें बजावून सांगितलें. म्हणजे त्यांच्यापाशीं चरकाचे चारहि गुण होते. कवीनें त्यांतील एक उचलला आणि जगानें तोच पूजिला. वाङ्मयाची शक्ति केवढी असते, आणि तिनें केवढा विपर्यास होऊं शकतो, याचें हें ठळक उदाहरण आहे.

उपमाच हवी असेल, तर ती आणावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. परळीपासून जवळच गंगाखेड आहे. तें जनाबाईचें गांव. जनीचा देव तिला कामांतून उठवून देवळांत नेत नाहीं. तो तिच्या कामांत येतो, दळूं लागतो, केर भरतो. केराला शिवूनहि जो विटाळत नाहीं, असा देव ज्या भाषेंत सातशें वर्षांपूर्वीं बोलला गेला, त्या भाषेला परिचारिकेची श्रद्धा सांगावयास शब्दांचा तोटा पडूं नये. मात्र येथेंहि सावध राहिलें पाहिजे. जनीच्या जात्याला विठ्ठलाचा हात लागला असेल. अंगाखालची चादर बदलतांना रोग्याला कुशीवर कसें वळवावें, हें शिकावेंच लागतें. भक्तीची उपमा ज्ञानाच्या जागीं बसविली, कीं पुन्हा तोच जुना देव्हारा तयार होतो.

याची साक्ष एका न्यायनिवाड्यांत आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग हिच्यावर १९७३ सालीं रुग्णालयांतच अमानुष हल्ला झाला व तिची जाणीव हरपली. तेव्हांपासून १८ मे २०१५ रोजीं ती निवर्तली तोंपर्यंत, बेचाळीस वर्षें, त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनीं पिढीमागून पिढी तिला सांभाळलें. दयामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २०११ रोजीं निकाल दिला, त्यांत या परिचारिकांचा गौरव आहे. त्या निकालपत्रांतील सर्वांत बोलका मजकूर आमच्या मतें एक वैद्यकीय नोंद आहे: इतकीं वर्षें अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण नव्हतें. ज्यानें घरीं एखादें दीर्घ दुखणें काढलें असेल, त्याला या वाक्याचा अर्थ कळेल. दर कांहीं तासांनीं कूस बदलणें, अंग कोरडें ठेवणें, वळ्या न पडतील अशी चादर ओढणें, आणि हें हजारों दिवस, हजारों रात्री. नुसत्या मायेनें हें होत नाहीं. नुसत्या नोकरीनेंहि होत नाहीं. उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हीं चारहि त्या नसलेल्या व्रणांत आहेत. शोकगीतें पुष्कळ झालीं. या नोंदीच्या तोडीचें मराठी गद्य आम्हांस अजून हवें आहे.

वाङ्मय म्हणजे धंद्याचें माहितीपुस्तक नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. पण प्रतिमा चुकली कीं वागणूकहि चुकते. २२ मार्च २०२० रोजीं आम्हीं गच्चीवर उभे राहून परिचारिकांसाठीं थाळ्या वाजविल्या. बरोबर एक महिन्यानें, २२ एप्रिलला, आरोग्यसेवकांवरील हल्ले थांबविण्यासाठीं सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि त्यांत राहत्या जागीं होणारा छळहि गुन्हा म्हणून घालावा लागला. देवी म्हणून ओवाळणें आणि जिन्यांत अंग चोरणें हीं दोन्ही एकाच सोवळ्याचीं रूपें आहेत. देवीलाहि आपण शिवत नाहींच.

बीडकडची एखादी मुलगी पाळीवरून परत येऊन आपल्या दिवसाची हकीकत लिहील, तेव्हां तिनें ती लक्ष्मीबाईंच्या सुरांत लिहावी एवढीच आमची इच्छा आहे. चुडा, चपला, उपवास, सुई, पगार, सासू आणि देवी हीं सारीं तींत यथास्थित यावींत. आणि तोंपर्यंत आमच्या घरांनीं तिच्यासाठीं करण्यासारखें एक काम आहे. पाळीवरून आल्यावर ती हात धुते ते संसर्ग घरांत येऊं नये म्हणून. विटाळ धुवावयास ती हात धूत नाहीं, एवढें ओळखून तिचें ताट आपल्या पंक्तींत मांडावें.