चटई क्षेत्रात न मोजलेली जागा

लहान आणि स्वस्त घराबद्दल बोलायला लागलं की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींवर येते, किती फूट आणि किती लाख. तिसरी गोष्ट राहून जाते. ते घर थंड ठेवायला महिन्याला किती वीज लागणार, आणि हा खर्च नकाशावर पहिली रेघ मारतानाच किती ठरून जातो? आज चार्ल्स कोरिया यांची दोन कामं समोर ठेवून आम्ही याच प्रश्नाकडे बघणार आहोत. पहिलं अहमदाबादचं ट्यूब हाऊस, १९६१-६२ मधलं. दुसरं नवी मुंबईतल्या बेलापूरची वसाहत, १९८३ ते ८६ मधली. दोन्हींची स्तुती भरपूर झाली आहे. पण दोन्ही शेजारी ठेवली की एक भांडण दिसतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी ट्यूब हाऊस. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने स्पर्धा ठेवली होती आणि अपेक्षा होती बिनलिफ्टच्या, मजल्यावर मजला इमारतींची. कोरियांनी रांगेतली बैठी घरं मांडून दाखवलं की तेवढ्याच जागेत तेवढीच कुटुंबं बसतात. घर ३.६५ मीटर रुंद आणि १८.२ मीटर लांब, अगदी नळीसारखं. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामायिक. या एका निर्णयातच अर्धी बचत आहे, कारण उन्हाला फक्त दोन चिंचोळ्या बाजू आणि छप्पर सापडतं. वर छपराला उतार, आढ्याशी फट. तापलेली हवा उताराला धरून वर सरकते, फटीतून बाहेर पडते, आणि तिच्या जागी दाराजवळच्या झडपांमधून नवी हवा आत ओढली जाते. आत जवळजवळ दारं नाहीत, जमिनीची पातळी बदलून आडोसा केला आहे. मध्ये एक छोटं अंगण, त्यावर जाळी.

वास्तुकलेच्या वर्गात या घराचा उभा छेद हमखास दाखवला जातो. बाण खालून आत शिरतात, वरून बाहेर जातात. सुंदर चित्र आहे. पण मे महिन्यातली अहमदाबादची दुपार आठवा. बाहेर ४२-४३ अंश असताना ती हवा घरात घ्यायची आहे कुणाला? तेव्हा झडपा बंदच हव्यात, आणि रात्री उतरल्यावर सताड उघड्या. म्हणजे हे यंत्र चालतं घरातल्या माणसाच्या हातावर, बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या हातावर. बाणांच्या चित्रात तो हात येत नाही. कोरियांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. पुढे त्याच शहरात पारेख यांच्या घरात त्यांनी दिवसा वापरायचा बंदिस्त भाग आणि सकाळ-संध्याकाळचा आकाशाकडे उघडणारा भाग असे दोन वेगळे छेदच केले. फक्त ते मोठं घर होतं. लहान घराला ऋतुमानाप्रमाणे खोल्या बदलत हिंडणं परवडत नाही, तिथे एकाच खोलीला सगळं करावं लागतं.

ट्यूब हाऊसची दुसरी अडचण आम्हाला जास्त गंभीर वाटते. हे घर पूर्ण झालेलं घर आहे. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, आणखी एक खोली हवी झाली, तर ती काढायची कुठे? अंगणावर? मग मधला उजेड-वारा गेला. वर? मग आढ्याची फट बुजली. हवेचा हिशेब इतका नेमका आहे की त्याला माणसांची वाढ सोसत नाही. नमुन्यादाखल बांधलेलं ते घर १९९५ मध्ये पाडलं गेलं.

आता बेलापूरला या. साधारण ६ हेक्टरमध्ये सुमारे ५५० कुटुंबं. सात-सात घरांचा एक पुंजका, मध्ये सुमारे ८ मीटर बाय ८ मीटरचं सामायिक अंगण. असे तीन पुंजके मिळून त्याहून मोठा चौक. जमिनीचे तुकडे ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे गरिबाच्या आणि बऱ्यापैकी कमावणाऱ्याच्या जागेत फार अंतर नाही. आणि इथे कोरियांनी आपलाच जुना नियम मोडला. घरं सुटी ठेवली, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही. का? तर प्रत्येकाला आपल्या सवडीने, शेजाऱ्याची परवानगी न मागता वाढवता यावं. उष्णतेच्या हिशेबाने हा तोटा आहे, उन्हाला जास्त भिंती मिळतात. हेच ते भांडण. ऊर्जेची काटकसर म्हणते जोडा, वाढीची मुभा म्हणते सुटं ठेवा.

लोकांनी मुभा घेतली, मनसोक्त घेतली. अनेक मूळ घरं पाडून तिथे दोन-तीन मजली बंगले आले, दोन घरांमधल्या बोळकांड्या आवळल्या, भिंतींवर एसी लटकले. टीकाकारांपैकी काही याला अपयश म्हणतात, काही कोरियांच्या तत्त्वाचा विजय. आम्हाला दोन्ही घाईचं वाटतं. वाढ होणं हा विजयच. पण वाढताना उतरती छपरं आणि फटी गेल्या, आणि जमिनीचे भाव चढल्यावर ‘स्वस्त’ हा शब्दही गेला. टिकलं काय? तर सात घरांमधलं ते अंगण. ते एकट्याचं नसल्यामुळे कुणाला एकट्याला त्यावर स्लॅब टाकता येत नाही. आणि नवी मुंबईच्या दमट हवेत महत्त्वाचं तेच आहे. तिथे आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक थोडा, त्यामुळे हवा आपोआप वर चढण्याचा जोर कमी. तिथे अंगाला वारा लागायला हवा, आणि वाऱ्याला समोर मोकळी जागा हवी. घर तीन मजली झालं तरी समोर आठ मीटर शिल्लक आहेत. ट्यूब हाऊसमध्ये हवा घराच्या पोटात होती, बेलापूरला ती शेजाऱ्यांमध्ये वाटून ठेवली. आमच्या मते दुसरं काम मोठं आहे, छेद कितीही साधा असला तरी.

आता आजच्या कायद्याकडे बघा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांच्या घराला ३० चौरस मीटर चटई क्षेत्राची मर्यादा होती. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या नेमकी केली, ग्राहकाची फसवणूक थांबावी म्हणून, आणि ते योग्यच झालं. पण त्या व्याख्येत बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्ची धरत नाहीत. गंमत बघा, उन्हाळ्यात माणूस खरोखर चटई अंथरतो ती जागा चटई क्षेत्रात नाही! जे मोजलं जात नाही ते बिल्डर मनापासून देत नाही. कोरियांचं म्हणणं नेमकं उलट होतं. आपल्या हवामानात आकाशाखालची जागा ही वर्षातले बरेच महिने वापरातली खोलीच असते, तिला तसं मूल्य धरा. घराच्या स्वस्तपणाचा सगळा हिशेब यातून बदलतो. ३० मीटरच्या खोलीसमोर १० मीटरचा ओटा मिळाला तर स्वयंपाकाची तयारी, अभ्यास, झोप यांतलं बरंच बाहेर सरकतं, आणि आतला पंखा तेवढे तास बंद राहतो.

राहिला प्रश्न सामायिक भिंतीचा. भिंत जोडून उन्हापासून वाचायचं आणि तरी घर वाढू द्यायचं, हे एकत्र जमतं का? इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी रांगेतली घरं ठेवून, सुरुवातीला जोतं आणि न्हाणी-संडास एवढंच देऊन, वाढ वरच्या दिशेला वळवली. पुढच्या व्याख्यानात तिथून सुरुवात करू.