सहा तुकड्यांची खुर्ची

लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. मिखाएल टोनेट यांनी १८५९ साली बाजारात आणलेल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचा ऐवज एवढाच. १९३० पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. हा खप थक्क करणारा आहेच, पण ही खुर्ची आधी डोळे भरून पाहावी.

मागच्या डाव्या पायावर, अगदी जमिनीलगत, बोट ठेवावे आणि ते वर सरकवत न्यावे. पाय बैठक ओलांडून वर जातो, त्याचीच पाठ होते. माथ्यावर ती सावकाश वळते आणि उजव्या बाजूने खाली येता येता दुसरा पाय होते. एवढ्या प्रवासात एकही सांधा लागत नाही. दोन पाय आणि पाठीची चौकट ही तीन कामे एकाच दांड्याने केली आहेत. आत तिलाच समांतर जाणारी एक लहान कमान, बैठकीचे एक कडे, पुढचे दोन पाय आणि चारही पायांना बांधून ठेवणारे खालचे कडे, संपली खुर्ची. बैठकीत वेताची जाळी, म्हणजे तिथेही वजनाला फाटा. नक्षी कुठेच नाही, तरी ती उघडीबोडकी वाटत नाही. तोल सांभाळणारी रेषाच इथे शोभेची रेषा झाली आहे.

सुताराच्या नेहमीच्या खुर्चीत खरी मेहनत सांध्यांवर पडते. प्रत्येक कुसू नेमका तासायचा, त्याच्या मापाची खाच कोरायची, सरस लावायचा. इतके करूनही खुर्ची पुढे डगमगते ती बहुधा सांध्यातच. शिवाय फळीतून वळण कापून काढले की लाकडाचे तंतू मध्येच तुटतात, म्हणून तो भाग जाड ठेवावा लागतो. लाकूड वाकवले तर तंतू वळणासोबत अखंड वळत जातात आणि बारीक दांडाही भार पेलतो. म्हणजे सांधे गेले, कापून फुकट जाणारे लाकूड वाचले आणि वजन उतरले. तिन्ही एकाच युक्तीने साधले.

ही युक्ती मात्र सहज हाती आली नाही. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावात टोनेट १८३० च्या दशकात लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात भिजवून, एकावर एक ठेवून वाकवत होते. अशा सामानाला दमट हवा मानवत नसे, सरस सुटायचा. मग त्यांनी अख्खा दांडाच वाकवायचे मनावर घेतले. वाफेने मऊ केलेले लाकूड वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाऊन तडकते. त्यावर उपाय म्हणून बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी घट्ट आवळली. आता ताण पट्टी सोसते आणि लाकूड फक्त दाबले जाते. मग दांडा लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचा. १८५६ साली या पद्धतीचे पेटंट मिळाले, तेव्हा टोनेट साठीला पोहोचले होते. वस्तूतला प्रत्येक साधेपणा असा कोणाच्या तरी दीर्घ कष्टांवर उभा असतो.

पुढचे पाऊल कारखान्याचे. तो मोराव्हियातल्या कोरिचानीला, बीच वृक्षांच्या जंगलांजवळ उभा राहिला. काम छोट्या छोट्या टप्प्यांत वाटल्यामुळे सुतारकाम न शिकलेली माणसेही ते करू लागली. सुटे भाग एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या होतील इतके दाटीने बसत, आणि जोडणी मुक्कामाला पोहोचल्यावर होई. सरसाच्या जागी स्क्रू आले म्हणूनच हे शक्य झाले. भाग कमी करताना टोनेट यांनी लाकूड, मजुरी आणि जहाजातली जागा यांचा हिशेब एकत्र मांडला होता.

ही खुर्ची युरोपातल्या कॅफेंमध्ये रुजली. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती दिसणाऱ्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या तिच्याच कुळातल्या. दिवसभर ओढल्या-सरकवल्या जाणाऱ्या, एका हाताने उचलता येणाऱ्या खुर्चीची गरज दोन्हीकडे सारखीच. तिच्यात उणिवाही आहेत. पाठ टेकून तासन्‌तास वाचत बसावे असा विसावा ती देत नाही, आणि वापराने तिचे स्क्रू सैल होतात. पण ते पुन्हा आवळायला पेचकस पुरतो, आणि मोडलेला एक भाग बदलला तर बाकीचे पाच कामाला येतात.

स्वस्त करायचे म्हणजे हलक्या प्रतीचे करायचे, असे आपण सर्रास धरून चालतो. या खुर्चीने ते खोटे ठरवले आहे. तिच्यात खर्च उतरला तो लाकडाचा दर्जा उतरवून नव्हे, एका दांड्याकडून तिघांचे काम घेऊन. वस्तू घडवणाऱ्या प्रत्येकाने अशी एक खुर्ची मिळवावी, स्क्रू काढून तिचे सहाही तुकडे जमिनीवर मांडावेत आणि स्वतःच्या कामातला कोणता तुकडा दुसऱ्याचे काम करू शकेल, ते शोधावे.