सार्वजनिक खरेदीतील खुली निविदा : एक चिकित्सा

खुल्या निविदेत जाहिरातीद्वारे सर्व पात्र पुरवठादारांना आवाहन केले जाते. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १६१ नुसार देकार सादर करण्यास साधारणतः किमान तीन आठवडे द्यावे लागतात. द्विलिफाफा पद्धतीत तांत्रिक छाननीत पात्र ठरलेल्यांचेच दर उघडले जातात. ई-निविदेमुळे मुदतीनंतर लिफाफा पेटीत सरकविण्यास फारसा वाव उरला नाही, ही जमेची बाजू.

परंतु स्पर्धेचा संकोच लिफाफे उघडताना नव्हे, तर बहुधा निविदेचा मसुदा लिहितानाच होतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घ्यावयाचा असेल आणि एकाच उत्पादकाच्या माहितीपत्रकातील मापे जशीच्या तशी उतरविली, तर सर्वत्र जाहिरात देऊनही निविदा नावापुरतीच खुली राहते. विनिर्देश वस्तुनिष्ठ असावेत, त्यांत विशिष्ट व्यापारनाम नसावे, असे नियम १४४ सांगतो. मात्र नाव न घेताही बोट दाखविता येते. वार्षिक उलाढालीची अवाजवी अट हेच काम अधिक सभ्यपणे करते.

न्यायालयीन मार्गही येथे अरुंद आहे. टाटा सेल्युलर खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने निर्णयापेक्षा निर्णयप्रक्रिया तपासण्याची भूमिका घेतली. निविदेच्या अटी तर सामान्यतः न्यायालयीन छाननीबाहेर ठेवल्या. त्यामुळे निविदापूर्व बैठक हीच आक्षेपाची खरी जागा ठरते. तिचे इतिवृत्त, फेटाळलेल्या हरकतींच्या कारणांसह, देकाराची मुदत संपण्यापूर्वी प्रसिद्ध करणे बंधनकारक असावयास हवे.