'शॅल', 'मे' आणि मराठी विध्यर्थ : भंडारदऱ्याच्या पाण्याच्या निमित्ताने

१

इंग्रजी वाक्यात 'शॅल', 'विल', 'मे', 'कॅन', 'मस्ट', 'शुड' यांपैकी कोणते साहाय्यक क्रियापद योजावे, हा प्रश्न सामान्यतः शालेय व्याकरणाचा मानला जातो व पदव्युत्तर वर्गात त्याची चर्चा करणे अनावश्यक समजले जाते. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर एका नदीखोऱ्यातील पाण्याची वाटणी अवलंबून राहते, तो प्रश्न केवळ शालेय कसा म्हणता येईल?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर, १९१० च्या सुमारास बांधावयास घेतलेले व १९२६ मध्ये पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण सुमारे ११ अब्ज घनफूट पाणी साठविते. त्या पाण्याच्या आधारे प्रवरेच्या कालव्यांखाली उसाची शेती वाढली. प्रवरा पुढे गोदावरीस मिळते आणि गोदावरीवर पैठण येथे जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय आहे. तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतील पाणी खालच्या जलाशयासाठी सोडावयाचे किंवा नाही, हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याच्या बाराव्या कलमातील सहाव्या पोटकलमात यासंबंधी एक तरतूद आहे. टंचाईचा भार न्याय्य रीतीने वाटला जावा यासाठी, खरिपाचा वापर धरून, ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व जलाशयांत वापरयोग्य पाण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे राहील अशा रीतीने साठ्यांचे नियंत्रण करावयाचे, असा तिचा आशय आहे. इंग्रजी पाठात येथे 'शॅल' आहे, 'मे' नाही. पुढे २०१४ मध्ये प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्यासंबंधी आदेश दिला, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यात आले. त्या धरणांत भंडारदरा व त्याच्या खालचे निळवंडे ही दोन्ही होती.

संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे, संसद कायद्याने अन्यथा तरतूद करीपर्यंत, अधिनियमांचा प्राधिकृत पाठ इंग्रजी असतो. तेव्हा मराठी शेतकऱ्याच्या पाटातील पाण्याचा निर्णय ज्या वाक्यावरून होतो, त्यातील साहाय्यक क्रियापदाचा अर्थ मराठी वाचकास यथार्थ कळतो काय, हा प्रश्न भाषाभ्यासकाने टाळावयाचा नाही.

२

या विषयाचे अध्यापन महाराष्ट्रात बहुधा समीकरणांच्या पद्धतीने होत आले आहे. 'कॅन' म्हणजे 'शकणे', 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे', 'मे' म्हणजे 'कदाचित', 'शुड' म्हणजे '–आवे', अशी ही समीकरणे होत. भाषांतरमालांनी ती रुजविली आणि मार्गदर्शक पुस्तकांनी ती टिकविली. त्यांचा दोष ती सर्वस्वी खोटी आहेत हा नव्हे. प्रत्येकात सत्यांश आहे. दोष असा की, त्यांत इंग्रजी शब्द एकटा व मराठी शब्दही एकटा गृहीत धरला जातो. मराठीत हे कार्य एकट्या शब्दाने होतच नाही. ते प्रत्यय, विभक्ती, संयुक्त क्रियापद आणि काळ यांच्या मेळाने होते.

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाच्या या अंगास 'अर्थ' हे नाव दिले आणि स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे त्याचे भेद मानले. त्यांपैकी विध्यर्थाचे क्षेत्र विलक्षण मोठे आहे. 'त्याने यावे' यात कर्तव्य अथवा इच्छा आहे. 'तो आला असावा' यात अनुमान आहे. 'त्याला यावे लागले' यात परिस्थितीची सक्ती आहे. तिन्ही ठिकाणी मूळ प्रत्यय एकच, पण कर्त्याची विभक्ती व जोडीचे क्रियापद यांनी अर्थ स्पष्ट वेगळे होतात. इंग्रजीत कर्ता सदैव प्रथमेत राहतो. सक्ती कोठून आली हे त्याच्या रूपावरून कळत नाही. मराठीत 'मी गेले पाहिजे', 'मला जावे लागते', 'मला जाता येते', 'माझ्याने जाववत नाही' या चार वाक्यांत कर्त्याचे स्थानच बदलते. कर्तव्य जाणणारा, सक्ती सोसणारा, सवड अगर कौशल्य असलेला आणि शरीराने थकलेला असे चार निरनिराळे कर्ते मराठी ऐकणाऱ्यापुढे उभे राहतात.

यावरून निघणारे अनुमान प्रचलित समजाच्या उलट आहे. मराठी विद्यार्थी इंग्रजी साहाय्यक क्रियापदांत चुकतो तो त्याच्या भाषेत हे भेद नाहीत म्हणून नव्हे. ते आहेत, समीकरणांनी ते पुसून टाकले म्हणून तो चुकतो.

३

हे विधान उदाहरणांनी पारखले पाहिजे. सोयीसाठी ती सर्व भंडारदऱ्याच्याच परिसरातून घेतली आहेत.

धरण भरले आणि 'दरवाजे उघडावे लागले', हे वाक्य घ्यावे. 'मस्ट' म्हणजे सक्ती, हे पाठ केलेला विद्यार्थी भूतकाळासाठी 'मस्ट हॅव ओपन्ड' लिहितो. वाक्य व्याकरणशुद्ध होते, परंतु त्याचा अर्थ 'दरवाजे उघडले असावेत' असा होतो. घडलेल्या सक्तीच्या जागी लिहिणाऱ्याचा तर्क येतो. पाण्याचा अहवाल लिहिणाऱ्याने ही चूक केली तर पाहिलेली गोष्ट ऐकीव ठरेल. येथे 'हॅड टु' हवे. मराठीतील 'लागले' आणि 'असावेत' यांतील भेद ज्यास ठाऊक आहे, त्यास हा नियम नव्याने शिकविण्याचे कारण नाही. केवळ दाखवून देणे पुरे.

दुसरे उदाहरण कळसूबाईचे. सोळाशे मीटरांहून उंच असलेल्या या शिखरावर 'काल चढता आले', असे कोणी म्हणाला तर विद्यार्थी 'कुड क्लाइंब' असे लिहितो. एका विशिष्ट प्रसंगी साधलेल्या गोष्टीसाठी होकारार्थी वाक्यात इंग्रजी 'कुड' सहसा वापरीत नाही. 'वॉज एबल टु' वापरते. 'तरुणपणी त्यास कळसूबाई सहज चढता येत असे' या वाक्यात मात्र 'कुड' योग्य आहे. 'येत असे' व 'आले' यांतील अंगीची शक्ती आणि घडलेली सिद्धी हा भेद मराठी क्रियापदाच्या रूपातच आहे. नकारार्थी वाक्यात 'चढता आले नाही' यासाठी 'कुड नॉट' निःशंक चालते. कारण जे घडलेच नाही त्याविषयी हा भेद उरत नाही.

तिसरे उदाहरण नकाराचे, आणि येथे मराठीची अडचणही मान्य केली पाहिजे. रंधा धबधब्याच्या कड्याशी 'जाता कामा नये' याला 'मस्ट नॉट' हे अचूक रूप आहे. पण 'तिकडे जायला नको' हे मराठी वाक्य द्व्यर्थी आहे. त्यात कधी निषेध असतो, कधी केवळ निकड नसल्याचे सांगणे असते. पहिल्या अर्थी 'मस्ट नॉट' अथवा 'शुड नॉट', दुसऱ्या अर्थी 'नीड नॉट' योजावे लागते. विद्यार्थी दोन्ही ठिकाणी 'मस्ट नॉट' लिहितो व निरुपद्रवी सूचनेस मनाईहुकुमाचे रूप देतो. अशा स्थळी आधी मराठी वाक्याचाच अर्थ निश्चित करून घ्यावा लागतो. 'नको'च्या जागी 'नये' घालून पाहावे; अर्थ टिकला तर निषेध, न टिकला तर अनावश्यकता.

चौथे उदाहरण अनुमानाचे. 'एव्हाना धरण भरले असेल', 'भरले असावे', 'भरलेच असले पाहिजे' ही चढत्या खात्रीची तीन वाक्ये आहेत. 'असेल'चे रूप भविष्यकाळाचे म्हणून विद्यार्थी 'विल' योजतो. परंतु मराठी 'असेल' पुष्कळदा निव्वळ संभाव्यता सांगते, तर अशा स्थळी इंग्रजी 'विल' बऱ्याच खात्रीने बोलते. बोलणाऱ्याच्या मनात जेवढी खात्री नाही तेवढी त्याच्या इंग्रजीत उमटते. येथे बहुधा 'मे हॅव' अधिक प्रामाणिक ठरेल.

४

यावर एक आक्षेप संभवतो. परभाषा शिकविताना मातृभाषा मध्ये आणू नये, असे प्रत्यक्ष पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात. तोंडओळखीच्या पायरीवर या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु प्रौढ विद्यार्थ्याच्या मनातून मातृभाषा हद्दपार करता येत नाही. ती वर्गात न बोलता काम करीत राहते. वरील चुका तिच्या अशा मूक कामामुळेच होतात. तिला उघडपणे साक्षीस बोलाविणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

तथापि मराठीचा आधार सर्वत्र पुरत नाही, हेही नमूद केले पाहिजे. 'शुड' व 'ऑट टु', किंवा 'मे' व 'माइट' यांतील छटा प्रामुख्याने इंग्रजी वाचनानेच अंगवळणी पडतात. 'शॅल' व 'विल' यांचा पुरुषपरत्वे विभाग करणारा जुना नियम, जो जॉन वॉलिस याने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला, तो प्रत्यक्ष वापरात केव्हाच शिथिल झाला आहे. त्याची घोकंपट्टी करून घेण्यात आज स्वारस्य नाही. 'शॅल' मुख्यत्वे जेथे जिवंत राहिला ते क्षेत्र कायद्याचे; आणि तेथेच तो मराठी वाचकास सर्वांत अधिक अडवितो.

५

'शॅल' या धातूचा जुन्या इंग्रजीतील मूळ अर्थ 'देणे लागणे' असा होता. भविष्यकाळ त्यातून पुढे निघाला. मराठी कायदेभाषेने त्यासाठी बहुतांशी भविष्यकाळच स्वीकारला आहे: 'शॅल'साठी 'करील' किंवा 'करण्यात येईल', आणि 'मे'साठी 'करता येईल'. आता 'पाणी सोडण्यात येईल' आणि 'पाणी सोडता येईल' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात केवळ अधिकार. दोहोंचा शेवट 'येईल' असाच होतो. सारा भेद '–ण्यात' आणि '–ता' या लहानशा रूपांवर उभा आहे. शिवाय पहिले वाक्य साध्या वाचकास कर्तव्यासारखे न वाटता पाटबंधारे खात्याच्या आगाऊ सूचनेसारखे वाटते. नदीकाठच्या गावांस सावध करणाऱ्या सूचनेत आणि अधिकाऱ्यास बांधून घेणाऱ्या कलमात एकच रूप यावे, हा मराठी कायदेभाषेचा खरा दुबळेपणा आहे. 'सोडावे लागेल' अथवा 'सोडलेच पाहिजे' ही रूपे भाषेत उपलब्ध असता ती बोलीवजा मानून दूर ठेवण्यात आली. त्यांचा पुनर्विचार होणे इष्ट आहे.

इंग्रजी पाठ तरी स्वयंपूर्ण असतो काय? न्यायालयांचा अनुभव तसा नाही. १८८० मध्ये ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप या खटल्यात, 'मे'सारख्या अधिकारदर्शक शब्दांबरोबर परिस्थितीने कर्तव्य जोडले जाऊ शकते, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केले. उलट १९५७ मध्ये उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधनलाल श्रीवास्तव या प्रकरणात, लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या ३२० व्या अनुच्छेदातील 'शॅल' अनिवार्य नसून निदेशात्मक आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. राजभाषा अधिनियम, १९६३ यात इंग्रजीचा वापर चालू राहण्याबाबत 'मे' घालण्यात आला, तेव्हा संसदेत मोठा वाद झाला. येथे 'मे'चा अर्थ 'शॅल'च आहे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. तसे असेल तर 'शॅल'च का लिहू नये, असा विरोधकांचा प्रश्न होता. १९६७ च्या दुरुस्तीने काही प्रयोजनांसाठी 'शॅल' आला. अर्थात, दोन शब्द समानार्थी आहेत असे म्हणणाऱ्यांसही अखेर त्यांपैकी एकाची निवड करावीच लागली.

याच दृष्टीने २००५ च्या अधिनियमातील तरतूद पुन्हा वाचावी. तेथे 'शॅल'ने कर्तव्य घातले आहे, पण टक्केवारी 'जवळजवळ' सारखी असावी असे म्हणून त्या कर्तव्याची कड किंचित सैल केली आहे. वाक्याचा बंधनकारकपणा साहाय्यक क्रियापदात जसा असतो तसाच क्रियाविशेषणातही असतो. केवळ 'शॅल' वाचून पैठणच्या बाजूने निकाल देणारा आणि केवळ 'जवळजवळ' वाचून प्रवरेच्या बाजूने निकाल देणारा, असे दोघेही अर्धेच वाक्य वाचतात.

६

एवंच, साहाय्यक क्रियापदाची निवड ही शब्दाची निवड नसून संबंधाची निवड होय. वाक्य लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. सक्ती आहे की मोकळीक? ती कायद्याची, बोलणाऱ्याची की परिस्थितीची? गोष्ट घडली आहे की केवळ घडण्याजोगी आहे? आणि सांगणारा ती जाणतो की तर्काने म्हणतो? या चारही प्रश्नांची उत्तरे मराठी विद्यार्थी आपल्या भाषेत रोज देत असतो. पाठ्यपुस्तकांनी समीकरणे गाळून ही उत्तरे विध्यर्थाच्या विवेचनाशी जोडली, आणि अधिनियमांच्या मराठी पाठांतील 'शॅल' व 'मे' यांच्या रूपांची पद्धतशीर नोंद एखाद्या विभागाने हाती घेतली, तर इंग्रजीचे अध्यापन व मराठी राजव्यवहार या दोहोंसही त्याचा लाभ होईल. धरणाचे पाणी कोणास किती मिळावे हे व्याकरण ठरवू शकत नाही. परंतु ज्या वाक्याने ते ठरले, ते वाक्य काय म्हणते हे सांगण्याची जबाबदारी व्याकरणास टाळता येत नाही.