‘जोर’ आणि ‘उसळी’ : व्हॉलिबॉलच्या प्रशिक्षणभाषेचा विचार

ठाणे, कल्याण, डोंबिवली या परिसरातील मैदानांवर व्हॉलिबॉलचा सराव पाहताना भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष एका क्रियापदाकडे वेधते. उंच उडी घेऊन चेंडू जाळ्यापलीकडे आपटण्याच्या क्रियेस खेळाडू ‘स्मॅश मारणे’ म्हणतात. मारणे हे हाताचे काम. म्हणून पूर्वतयारीही मुख्यतः दंड-खांद्यांची, असे सहज गृहीत धरले जाते. या गृहीताचे मूळ व्यायामपद्धतीइतकेच परिभाषेतही आहे, असे आमचे मत आहे.

वस्तुतः या क्रियेची अंगे चार : धाव, उड्डाण, आघात व उतरणे. जाळ्याची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर व स्त्रियांसाठी २.२४ मीटर असते. चेंडू त्याहून वर असतानाच गाठावयाचा असल्याने आघाताचे यश बव्हंशी पायांवर अवलंबून राहते. अखेरच्या दोन पावलांत गुडघे वाकतात, हात मागे जातात आणि ताणलेले स्नायू तत्क्षणी आकुंचन पावून शरीर वर फेकतात. ताण व आकुंचन यांत खंड पडला की ताणातून लाभलेली शक्ती वाया जाते.

येथे तालमीची भाषा अपुरी पडते. मराठीत ‘जोर’ हा शब्द शक्तीचा वाचक आहे, तसाच एका व्यायामप्रकाराचाही. त्यामुळे ‘किती जोर, किती बैठका?’ हा संख्येचा प्रश्न स्वाभाविक ठरतो, ‘किती वेगाने?’ हा प्रश्न मागे राहतो. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून संपादिलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड पाहता मराठी व्यायामपरिभाषा दरिद्री आहे, असे म्हणवत नाही. उणीव आहे ती बळ व वेग यांचा संयोग दर्शविणाऱ्या रूढ संज्ञेची.

सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात अशा संयोगाची पद्धत विकसित केली : ठोकळ्यावरून खाली यावयाचे व भूमीस पाय लागताच वर झेपावयाचे. तीस ‘उसळी’ म्हणणे आम्हांस युक्त वाटते. आदळल्यानंतरचे परतणे या शब्दात सूचित आहे. ‘उडी’त ते नाही.

नावाने खेळ सुधारतो काय, असा आक्षेप संभवतो. प्रतिभावान खेळाडू अनुकरणानेही शिकेल. परंतु इतरांस शिक्षकाच्या शब्दांवाचून दुसरा आधार नसतो.

याचा अर्थ बैठका त्याज्य आहेत, असा नव्हे. पायांत मूलभूत बळ नसताना, विशेषतः कठीण भूमीवर, ठोकळ्यावरून उड्या मारविणे अपायकारक होय. बैठक आधी, उसळी मागून. तीही अल्पसंख्य व पुरेशा विश्रांतीने, हा क्रम राखावा. गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेचे दुखणे या खेळात सुपरिचित आहे. सरावात ‘मार!’ ही आज्ञा वारंवार ऐकू येते. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरावयास सांगणारी आज्ञा मात्र आम्ही क्वचितच ऐकली. ज्यास नाव नाही, ते शिकविलेही जात नाही. आणि त्याचे मोल विद्यार्थ्याच्या गुडघ्यास द्यावे लागते.